मुंबईत आलेल्या पूर्वजांचा माग कसा काढायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला आमच्या गावच्या मुंबई मंडळाची बैठक संपली की कुणीतरी पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेला कागद काढतं आणि विचारतं, "हे आमचे आजोबा. यांचं पुढे काय झालं, कळेल का?" मी माझ्या पणजोबांचा शोध घेतला हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. पणजोबा संगमेश्वरकडून मुंबईत आले, गोदीत हमाली केली आणि इथेच गेले. त्यांना शोधायला मला चार वर्षं लागली. त्यात जे शिकलो ते एका जागी लिहून ठेवतो आहे.

सुरुवात कुठून करायची? सरकारी ऑफिसातून?

नाही, घरातून. माळ्यावरची ट्रंक उतरवा. भाडेपावत्या, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, एलआयसीचे कागद असं जे निघेल ते फेकण्याआधी वाचा. मुंबईत रेशनिंग १९४३ साली सुरू झालं. त्यानंतरचं जुनं कार्ड हाताला लागलं, तर त्या वेळी घरात कोण कोण होतं ते एका नजरेत कळतं.

कोकणातल्या घरांत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे मनिऑर्डरीची कुपनं. पैसे गावाला पोचले की पोस्टमन खालचा तुकडा फाडून देत असे, आणि त्यावर पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि दोन ओळींचा मजकूर असायचा. आमच्या गावच्या घरात देवघराच्या मागे एका तारेला ओवलेली अशी चौतीस कुपनं होती. गंजलेल्या तारेमुळे प्रत्येकाच्या मधोमध तपकिरी भोक पडलं होतं. बहुतेकांवर मजकूर एकच : "रु. ५ पाठविले आहेत, पावल्याचे कळवणे." पणजोबांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे अक्षर दर वेळी वेगळं. पण पत्ता चौतीसही कुपनांवर एकच होता, माझगावच्या एका चाळीतली खोली नंबर १७. हा पत्ता पुढे कामी आला.

भांडीसुद्धा उलटी करून बघा. हंडा, घागर, परात यांच्या काठावर नाव घालायची पद्धत होती. लग्नात कुणी काय दिलं, कुठल्या तारखेला दिलं, हे पितळेवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं. मोडीत घालण्याआधी निदान फोटो काढून ठेवा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं?

"आजोबांबद्दल सांगा" असं विचारलंत तर "फार कष्ट केले हो" एवढंच मिळेल. त्याऐवजी नेमकं विचारा. कुठल्या चाळीत राहायचे? कितव्या माळ्यावर? जेवायला कुठल्या खानावळीत जायचे, आणि ती बाई कुठल्या गावची होती? गणपतीला गावी कुणाबरोबर यायचे? श्राद्ध कुठल्या तिथीला घालता?

आत्या आणि आज्यांकडे आधी जा. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या बाईला माहेरच्या नात्यांची आठवण फार चोख असते. फोनवर रेकॉर्ड करायचं तर त्यांना विचारून करा, आणि गोष्ट मधेच दुरुस्त करू नका. तारीख चुकली तरी चालेल, नावं निसटता कामा नयेत.

आडनाव प्रत्येक कागदावर वेगळं आहे. हा एकच माणूस कसा समजायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात.

गावात आडनावाची गरज क्वचितच पडायची. माणूस मुंबईत आला की मुकादम, गिरणीत कामगार भरणारा जॉबर, शाळेतले मास्तर किंवा हॉस्पिटलातला कारकून यांच्यापैकी जो पहिल्यांदा नाव लिहून घेईल तो त्याला सुचेल ते आडनाव लावायचा. कुणी गावाला "कर" जोडून लिहायचं, कुणी मूळ कुळाचं आडनाव, कुणी फक्त बापाचं नाव लिहून मोकळं व्हायचं. धोंडू, धोंडिबा आणि धोंडजी हा एकच माणूस असू शकतो. दोन सख्खे भाऊ दोन आडनावांनी निवृत्त झालेले मी आमच्याच मंडळात पाहिले आहेत.

म्हणून माझा सल्ला असा, की मुंबईत माणूस नावावरून शोधू नका, पत्त्यावरून शोधा. चाळ, खोलीचा नंबर, बापाचं नाव आणि मूळ गाव या चारांपैकी तीन जुळले तर आडनाव जुळलं नाही तरी तो तुमचाच माणूस असण्याची शक्यता मोठी आहे. नुसतं आडनाव जुळलं आणि बाकी काही नाही, तर थांबा.

पत्त्याबद्दल एक सावधगिरी. गिरणगावात आणि गोदीच्या आसपास एकेका गावाची खोली असायची. तिथे वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपायचे, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाल्याची वळकटी सुटायची. त्यामुळे एकाच खोलीच्या पत्त्यावर एका गावची अनेक नावं सापडतील. ती सगळी उतरवून घ्या. त्यात तुमच्या पणजोबांचा चुलतभाऊ असेल, आणि त्याच्या घरी तुमच्याकडे नसलेला फोटो असेल.

चाळ पाडली, रस्त्याचं नाव बदललं. जुना पत्ता आता कुठे शोधू?

रस्त्यांची जुनी नावं आधी लावून घ्या. डिलाईल रोड म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, गिरगाव रोड म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ मार्ग, लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. बीडीडी चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी अशा चार ठिकाणी होत्या, एकूण २०७ इमारती. तिथल्या भाडेकरूंचं दप्तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असे. पुनर्विकास चालू असल्यामुळे तिथल्या पुष्कळ घरांनी पात्रतेसाठी जुने कागद नुकतेच गोळा केलेले आहेत. नातेवाइकांकडून ती फाईल आत्ताच मागून घ्या.

खासगी चाळींत भाडेपावती अनेकदा अजूनही मूळ भाडेकरूच्या नावाने फाटते, तो माणूस जाऊन पन्नास वर्षं झाली तरी. पावतीवरचं नाव कुणाचं, हे घरात एकदा विचाराच.

मृत्यूची नोंद कुठे मिळते?

मुंबईत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठीचा कायदा १९६९ चा, पण मुंबईत पालिकेच्या नोंदी त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. तेव्हा "जुनं काही मिळत नाही" असं ऐकून लगेच परत फिरू नका. शोधासाठी अर्ज करा, फी भरा आणि शक्य तितका छोटा काळ सांगा. "१९४० ते १९५०" असा अर्ज कुणी मनापासून शोधत नाही, "एप्रिल ते जून १९४४" असा शोधतात.

इथे एक चूक जवळपास सगळे करतात. नोंद माणूस जिथे राहायचा त्या वॉर्डात होत नाही, तो जिथे गेला त्या वॉर्डात होते. राहायला भायखळ्याला, पण केईएममध्ये गेले, तर नोंद परळच्या एफ दक्षिण वॉर्डात.

माझ्या पणजोबांचंच सांगतो. घरात सगळे म्हणायचे, "ते गोदीच्या स्फोटात गेले." १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर स्फोट झाला. शेकडो माणसं मेली, कित्येकांची ओळखही पटली नाही. मी त्या दिवसाच्या आणि पुढच्या आठवड्याच्या नोंदी दोनदा शोधून घेतल्या. काही नाही. ओळख न पटलेल्यांत गेले असतील, असं म्हणून मी वर्षभर शोध सोडून दिला होता.

मग एकदा आत्या सहज म्हणाली, "आजी श्राद्ध वैशाखात घालायची, शुद्ध दशमीला." मी १९४४ चं पंचांग काढलं. स्फोट झाला तेव्हा चैत्र वद्य पक्ष चालू होता. वैशाख शुद्ध दशमी येते मे महिन्याच्या सुरुवातीला. म्हणजे ते त्या दिवशी गेलेच नव्हते. मेच्या पहिल्या आठवड्यासाठी नवा अर्ज केला आणि नोंद सापडली. मृत्यू हॉस्पिटलात, नाव आमचं, बापाचं नाव आमचं, आडनावाच्या जागी गावाचं नाव, आणि पत्ता माझगावची खोली नंबर १७. जवळजवळ तीन आठवडे ते जिवंत होते. ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. पण तिथी बरोबर चालत आली होती.

तर तुमच्याकडे श्राद्धाची तिथी असेल तर ती आधी लिहून घ्या.

दाखल्यावर मृत्यूचं कारण का नाही?

कायद्याने ते उताऱ्यात देत नाहीत. कारण हवं असेल तर घरातल्या हॉस्पिटलच्या कागदांत शोधावं लागतं.

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख खरी मानायची का?

तारीख १ जून असेल तर मानू नका. शाळा जूनमध्ये उघडायच्या. आई-बापांना तारीख सांगता आली नाही की मास्तर अंदाजाने वर्ष लावून १ जून लिहायचे. महाराष्ट्रात एका पिढीचे असंख्य लोक १ जूनला जन्मले आहेत ते असे. वर्षसुद्धा एक-दोनने पुढेमागे धरा.

तरीही शाळेचं जनरल रजिस्टर फार मोलाचं. त्यात बापाचं पूर्ण नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. "कारण : गावी गेला" एवढ्या दोन शब्दांवरून बापाची नोकरी कधी सुटली याचा अंदाज लागू शकतो. शाळा बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठल्या शाळेत गेलं हे पालिकेच्या शिक्षण खात्यात विचारा.

आजोबा गिरणीत होते. गिरणीच उरली नाही, मग कागद कुठून आणायचे?

आधी घरात आणि चुलत्यांकडे बघा. म्हाडाच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ ला गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांच्या वारसांनी अर्ज भरले. त्यासाठी तिकीट नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, फंडाच्या स्लिपा असं सगळं कुटुंबातल्या कुणीतरी एका फाईलीत लावलेलं असतं. घर लागलं असो वा नसो, ती फाईल जपून ठेवलेली असते. गिरणगावातल्या घरांचा इतका चांगला कागदी संग्रह दुसरा नाही.

तिकीट नंबर मिळाला तर तो सगळीकडे लिहून ठेवा. नाव बदललं तरी त्या गिरणीत तो नंबर त्या माणसाचा. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, त्यामुळे त्याआधी सुटलेल्या माणसाच्या फंडाच्या स्लिपा शोधत बसू नका.

रेल्वेतल्या, पोर्ट ट्रस्टमधल्या किंवा पालिकेतल्या माणसांचं तुलनेने सोपं असतं, कारण सर्व्हिस बुक आणि पेन्शनचे कागद असतात. विधवेच्या पेन्शन बुकावर लग्नाचा आणि मुलांचा तपशील बघा.

गावाकडे कुठले कागद बघायचे?

सातबारा सगळ्यांना माहीत आहे, पण तो आजची स्थिती सांगतो. कुटुंबाचा इतिहास फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदीत असतो. सातबाऱ्यावर गोल केलेले छोटे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक. तहसील कार्यालयातून त्या नंबरची प्रत मागवा. "खातेदार अमुक तारखेस मयत, वारस पुढीलप्रमाणे" अशी नोंद मिळाली की एका पानात एक पिढी हातात येते.

दुसरं दप्तर म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात आहेत. कोकणातल्या खोती गावांत, म्हणजे जिथला सारा खोत गोळा करायचा तिथे, बोटखत नावाचं जुनं दप्तर असतं, त्यात कुळांची नावं मिळू शकतात. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी बऱ्याच जिल्ह्यांनी जुन्या दप्तरांच्या स्कॅन प्रती आपापल्या संकेतस्थळावर चढवल्या आहेत. तुम्हाला दाखला नको असला तरी नुसतं बघायला त्या उपयोगी आहेत.

कागद मोडीत आहे. काय करू?

वाचणाऱ्याकडे द्या, पण मूळ कागद देऊ नका, चांगला फोटो द्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावचा व्यवहार मोडीत चाले, त्यामुळे हा प्रसंग येणारच. जमलं तर स्वतः मोडी शिका. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. आपल्या घरातली नावं सरावाने ओळखू यायला आणखी थोडा वेळ लागतो, पण कागदावर आपल्या गावाचं नाव पहिल्यांदा स्वतः वाचता आलं त्या संध्याकाळी मला झोप लागली नव्हती.

शके, फसली आणि अरबी साल यांचं इसवी सन कसं करायचं?

शकात ७८ मिळवा. वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, म्हणून पौष-माघ-फाल्गुनातल्या जानेवारीनंतरच्या तारखांना ७९. शके १८६६ चा वैशाख म्हणजे १९४४. फसली म्हणजे सारावसुलीचं साल, त्यात ५९० मिळवा. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो, तो अरबी शब्दांत आणि उलटा लिहितात, आधी एकं, मग दहं. "समान तिसैन मया व अलफ" म्हणजे आठ, नव्वद, शंभर आणि हजार, ११९८. त्यात ५९९ मिळवले की १७९७, आणि वर्षाचा उरलेला भाग १७९८ मध्ये. कुठलंही वर्ष लिहिताना मूळ आकडा आणि बदललेला आकडा दोन्ही लिहा, नाहीतर पुढच्या माणसाला तुमची चूक शोधता येणार नाही.

त्र्यंबकेश्वरला खरंच नावं मिळतात का?

तुमच्या घरातलं कुणी तिथे विधी करायला गेलं असेल तर मिळतात. तीर्थोपाध्यांच्या नामावळीच्या वह्या गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात. आधी तुमच्या गावचे उपाध्ये कोण ते विचारा. जो गेला त्याने स्वतःच्या, भावांच्या, मुलांच्या आणि वाडवडिलांच्या नावांची नोंद केलेली असते, खाली सही किंवा अंगठा. कोकणातली गरीब घरं तिथपर्यंत क्वचितच जात, त्यामुळे सापडलं नाही तर नाराज होऊ नका. दक्षिणा द्या, आणि तुमच्या आजच्या पिढीची नावं लिहून या.

आजी-पणजींचं काहीच सापडत नाही. त्यांचा शोध कसा घ्यायचा?

बाईचं नाव लग्नात बदलायचं, आडनाव बदलायचं, आणि कागदावर ती "अमक्याची बायको" म्हणून उरायची. जुन्या कुलवृत्तांतांतही पुष्कळदा मुलीच्या जागी नुसतं "कन्या" असतं. हे वाचताना मला अजूनही त्रास होतो.

पण तीन जागा आहेत. एक, माहेरच्या गावचा फेरफार. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसनोंदीत मुलींची नावं, बहुतेकदा सासरच्या नावासकट, यायला लागली. दुसरी, हक्कसोडपत्र. भावासाठी जमिनीवरचा हक्क सोडताना बाईला हजर राहावं लागलं, म्हणून तिचं पूर्ण नाव, वय, राहण्याचं ठिकाण आणि अंगठा त्यावर आहे. माझ्या पणजीच्या हातची एकमेव खूण म्हणजे तसला एक निळा अंगठा, चार गुंठ्यांच्या वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या जमिनीच्या कागदाखाली उमटलेला. तिसरी, मुलांचे शाळेचे दाखले आणि गिरणीच्या फंडाचे नॉमिनेशन फॉर्म.

पुराभिलेखागारात काय मिळेल?

महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागाराचं मुंबईतलं दालन काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. ओळखपत्र आणि कशाचा शोध घ्यायचा आहे त्याचा अर्ज घेऊन जा. तिथे मुख्यतः सरकारी कामकाजाचे कागद आहेत. सामान्य हमालाचं नाव तिथे लागणं अवघड, पण सरकारी नोकर, शिक्षक, पोलीस, पाटील-कुलकर्णी, इनामदार यांची नावं मिळतात. नाव बदललं असेल तर राजपत्रात जाहिरात असू शकते, तीही बघा.

निधनाच्या बातम्यांसाठी जुनी वर्तमानपत्रं बघायची तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९८ सालची संस्था आहे. तारीख ठाऊक असेल तरच जा, नाहीतर दिवस वाचण्यात जातो आणि तुम्ही भलत्याच बातम्यांत रमता.

आम्ही ख्रिस्ती आहोत, आम्ही बेने इस्रायल (कोकणातले ज्यू) आहोत. आमचं वेगळं असतं का?

हो, आणि बरंचसं सोपं. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं असतात. फक्त पॅरिश माहीत पाहिजे. बेने इस्रायल कुटुंबांची "कर" लागणारी आडनावं बहुधा थेट रायगडातल्या मूळ गावाकडे बोट दाखवतात. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं, मशीद बंदरजवळ.

"प्लेगात गेले", "रामदासवर होते" अशा गोष्टी खऱ्या मानायच्या का?

खोट्या मानू नका, तपासा. मुंबईत प्लेग १८९६ मध्ये आला आणि पुढे कित्येक वर्षं येतच राहिला, म्हणून "प्लेगात" म्हणजे एक साल नव्हे. १९१८ च्या साथीत गेलेल्यांनाही घरात नुसतं "साथीत गेले" म्हणतात. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, रेवसला जाताना बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. ज्यांचं प्रेत मिळालं नाही त्यांची नोंद मिळणं कठीण, पण गावच्या वारसनोंदीत "बोटीत मयत" असं काही लिहिलं आहे का ते बघा.

महायुद्धात खलाशी म्हणून जाऊन मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधता येतात. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक आहे. यादीत नावं रोमन लिपीत आहेत, त्यामुळे एकच नाव पाच-सहा स्पेलिंगनी शोधा.

जे मिळेल ते कसं जपायचं?

लॅमिनेशन करू नका. त्यात कागद कायमचा अडकतो. सेलोटेप लावू नका. स्कॅन करा, मागे पेन्सिलने कुणाकडून कधी मिळालं ते लिहा, आणि एक प्रत गावच्या घरात व एक मुंबईत ठेवा.

सापडल्यावर पुढे काय?

ज्यांच्याकडून ऐकलं त्यांना आधी सांगा. दाखला हातात आला तेव्हा मी आत्याकडे गेलो. ती चौऱ्याऐंशीची. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे एकोणीस दिवस होते ते? मग कुणी भेटायला गेलं असेल ना रे?" खोली नंबर १७ च्या पत्त्यावर त्याच काळात असलेल्या आमच्या गावच्या सहा माणसांची नावं माझ्या वहीत आहेत. त्यांतल्या चौघांची घरं सापडली. दोन अजून शोधतो आहे.